थायमस निघाला

आठल्येबाई गेल्या तेव्हा त्यांच्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी बोललो. त्या काळाच्या पुढे होत्या, जगाने त्यांना ओळखलं नाही, असं बरंच काही. लोकांनी माना डोलावल्या. बाई समोर असत्या तर चष्मा कपाळावर चढवून एवढंच म्हणाल्या असत्या, "पुरावा?"

हा शब्द त्या सगळ्यांना विचारायच्या. गल्लीच्या तोंडाशी तरकारीवाला "एकदम ताजी पालक है" म्हणाला की "सबूत?" आणि घरी धाकटे भाऊ "आज पाऊस येणार" म्हणाले की "पुरावा?" तरकारीवाल्याने यावर शेवटी तोडगा काढला होता. त्या दिसल्या की तो आधीच म्हणायचा, "मैडम, बासी है।" मग त्या खूश होऊन त्याच्याकडूनच घ्यायच्या.

माझ्या शोकसभेतल्या भाषणाला पुरावा नव्हता. त्या काळाच्या पुढे नव्हत्या. एका बाबतीत त्या अर्ध्या चुकल्या होत्या, अर्ध्या बरोबर होत्या, आणि त्यांचं हे अर्धं-अर्धं जगासमोर नीट आलं नाही याला काळ नव्हे, मी कारण होतो. ते सभेत सांगता आलं नाही. आता सांगतो.

मी साताऱ्याकडचा. पीएच.डी.साठी बनारसला आलो तो मराठी मार्गदर्शक मिळताहेत म्हणून. पहिल्याच दिवशी संस्थेच्या लांबलचक व्हरांड्यात त्या पुढे चाललेल्या दिसल्या आणि मी आमच्या शाळेतल्या सवयीने मागून हाक मारली, "बाई, अहो बाई." व्हरांड्यातली सगळी पोरं जागच्या जागी थांबली. बाई वळल्या, शांतपणे जवळ आल्या.

"इथे बाई म्हणजे कोठ्यावर गाणारी," त्या म्हणाल्या. "मला सुराचं अंग नाही."

मी कानापर्यंत तापलो. "मग ताई म्हणू?"

"ताई म्हणजे हिंदीत बापाच्या मोठ्या भावाची बायको. तुझ्या काकांना खपेल?"

"मग काय म्हणू?"

"काही नको. नुसतं अहो म्हण."

पुढे माझ्या लक्षात आलं की आमच्या घरी आई वडलांना एवढंच म्हणते. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण आठवड्याभराने त्या आपण होऊन म्हणाल्या, "जाऊ दे, सगळ्यांसारखं मॅडम म्हण." मी तोंडाने मॅडम म्हणत राहिलो आणि मनात बाईच म्हणत राहिलो. इथेही तसंच लिहितो. आता आक्षेप घ्यायला त्या नाहीत.

त्यांचं घर दूधविनायकला, बनारसच्या जुन्या मराठी मोहल्ल्यात. त्यांच्या घराण्यातले लोक काशीला कधी आले ते घरात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, आणि बाईंना ते न ठाऊक असण्याचा अभिमान होता. महाराष्ट्राला तिथली जुनी माणसं 'देश' म्हणतात. मी 'देशातून आलेला'. बाईंचं मराठी पोथीतल्यासारखं, आणि त्यात मधेच "चाबी तिथेच टांगली आहे", "इतकी जल्दी काय आहे?" असं यायचं. प्रयोगशाळेत सगळा कारभार हिंदीत चाले. पण माझ्याशी एकटं बोलताना त्या हट्टाने मराठीतच बोलायच्या. "घराबाहेर बोलायला कुणी मिळत नाही रे. गंज चढतो." हा हट्ट पुढे त्यांना महागात पडला, ते येईलच.

त्यांचा विषय होता आतडं. आतड्याच्या आतल्या अस्तरात, पेशी-पेशींच्या फटींत, रोगाशी लढणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. त्यांना टी पेशी म्हणतात. टी पेशी तयार होतात छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या ग्रंथीत, असं सगळी पुस्तकं सांगतात. बाईंचं म्हणणं, आतड्यातल्या काही पेशी थायमसचं तोंडही न बघता तिथेच, आतड्यातच घडतात.

धाकटे भाऊ अप्पा याज्ञिकी करायचे. त्यांना बाईंनी हे एकदा माझ्यादेखत जेवताना समजावलं.

"थायमस म्हणजे तुमची पाठशाळा समज. हाडाच्या मगजातून पोरं येतात. तिथे परीक्षा. जी पोरं आपल्याच घरावर दगड मारतील ती नापास. ज्यांना काहीच ओळखता येत नाही तीही नापास. थोडी पास होऊन बाहेर पडतात."

"आणि नापासांचं काय?" अप्पांनी विचारलं.

"मरतात. तिथल्या तिथे."

अप्पांनी वरणाची वाटी खाली ठेवली. "आमच्याकडे एवढं कडक नाही."

"म्हणूनच काशीत इतके शास्त्री," बाई म्हणाल्या.

"आणि तुझ्या त्या आतड्यातल्या?"

"त्या पाठशाळेत गेल्याच नाहीत. दारातच वाढल्या. दिवसभर काय काय आत येतं ते बघतात. कचौडी आली, येऊ दे. विषमज्वर आला, हाण. कुणी शिकवलं नाही, पण घरातलं कोण आणि परकं कोण हे जाणतात. मराठीत आतड्याची माणसं म्हणतात ना, ती हीच."

अप्पा मान हलवत म्हणाले, "दारात वाढलेल्यांना वेदाधिकार नाही," आणि ताक मागितलं. बाईंच्या सिद्धांतावर मी ऐकलेला हा पहिला आक्षेप. पुढे आलेले बहुतेक आक्षेप याच वळणाचे होते, फक्त इंग्रजीत.

आता तो प्रयोग. उंदराचा थायमस शस्त्रक्रियेने काढून टाकायचा. मग किरणांचा मारा करून त्याच्या रक्तातल्या जुन्या पेशी संपवायच्या. मग दुसऱ्या उंदराच्या हाडातला मगज त्याला द्यायचा. काही आठवड्यांनी आतडं उघडायचं. या दुसऱ्या उंदराच्या मगजातून आलेल्या टी पेशी आतड्यात सापडल्या, तर त्या थायमसशिवाय घडल्या, कारण थायमस नव्हताच. रंग देऊन पाहिलं की त्या पेशी काचेवर तपकिरी ठिपक्यांसारख्या दिसतात.

सगळं या एका 'नव्हताच' वर उभं. म्हणून शेवटी आतड्याआधी प्रत्येक उंदराची छाती उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, थायमसचा तुकडा मागे राहिला आहे का. राहिला असेल तर तो उंदीर बाद.

थायमस काढायचं काम माझं. छातीच्या हाडावर बारीक चीर द्यायची आणि काचेच्या नळीने ती पांढरी ग्रंथी ओढून घ्यायची. हात हलका लागतो. माझा होता असं मी समजत होतो. त्या उन्हाळ्यात वीज वारंवार जायची, बरेच उंदीर उकाड्यानेच मेले आणि शेवटपर्यंत मोजकेच पोचले.

छात्या उघडायच्या दिवशी बाई शेजारच्या खोलीत फोनवर होत्या. पुण्याच्या एका परिषदेतून फोन होता. तिथे बाईंनी बोलावं की नाही ते ठरत होतं. मधलं दार उघडं. मी सूक्ष्मदर्शकावर वाकलेलो, आणि एका उंदराच्या छातीच्या हाडामागे तांदळाच्या कणीएवढं पांढरं काही दिसलं. शेजारच्या उंदरातही. बाकीच्यांत काही नव्हतं.

बाईंनी फोनवर हात ठेवून आतून विचारलं, "दिलीप, छात्या झाल्या? थायमस?"

मी म्हणालो, "निघाला."

मला म्हणायचं होतं, दोन उंदरांत थायमस निघाला, म्हणजे सापडला. पेटीत साप निघाला म्हणतात तसं. पुढचे शब्द तोंडात होते. बाईंनी ऐकलं, थायमस निघाला, म्हणजे सगळा बाहेर आला. दात निघाला म्हणतात तसं. आणि मी तोंड उघडेपर्यंत त्या फोनवर बोलायलाही लागल्या होत्या, "हो, हो. निघालाय, पूर्ण. छात्या साफ आहेत."

मी चिमटा हातात धरून उभा राहिलो. फोन संपला की सांगू, असं ठरवलं. फोन संपला. बाई दारात आल्या. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या आनंदाची रीत म्हणजे त्या दुसऱ्याचं काम ओढून घ्यायच्या. "ऊठ. भांडी मी धुते. आज तू घरी जा, आराम कर." आणि खरोखर माझी भांडी धुवायला लागल्या.

मी घरी गेलो.

हे मी असं लिहितोय जणू शब्दाने दगा दिला. शब्दाने पाच मिनिटं दगा दिला असेल. पुढचं सगळं माझं. तुकडे मागे राहिले होते ते माझ्या हाताने. दोन उंदीर बाद केले तर हातात फार थोडे उरत होते, प्रयोग पुन्हा करावा लागला असता, आणि गावी माझं लग्न ठरलं होतं. हे मी तेव्हा स्वतःलाही असं सांगितलं नाही. स्वतःला सांगितलं, एवढ्याशा कणीने काय होणार. बाईंनी विचारलं असतं, पुरावा?

काय झालं ते काचांवर दिसलं. त्या दोन उंदरांच्या आतड्यांत तपकिरी ठिपके भरभरून होते. बाईंनी परिषदेसाठी फोटो निवडला तो त्यातल्याच एकाचा. साहजिक होतं. सगळ्यात सुंदर तोच होता.

पुण्याला मी बरोबर गेलो. बाईंचं भाषण झालं, तो फोटो पडद्यावर होता. एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ उठले आणि योग्य तोच प्रश्न विचारला, "छात्या कोणी तपासल्या?"

बाईंनी माझ्याकडे हात केला. "ह्याने. हा तुमच्याच देशातला आहे. माझ्या बनारशी मराठीवर विश्वास नसेल तर याच्या शुद्ध मराठीवर ठेवा."

सभागृह हसलं. मी उठून किंचित वाकलो. नमस्कारासारखं काहीतरी केलं. ते गृहस्थही हसले आणि बसले.

चहाच्या वेळी तिथल्या एक काकू बाईंना भेटायला आल्या. "बनारसचं नाव वाटत नाही तुमचं. मूळ गाव कोणतं?"

"दूधविनायक."

"ते राहायचं हो. मूळ?"

"दूधविनायकच."

"म्हणजे त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी गर्भाशय," बाई म्हणाल्या आणि त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी धरली. काकूंनी एक घेतलं. परतीच्या गाडीत बाई म्हणाल्या, "कुठेही गेलं तरी एकच सवाल रे. उंदराला तोच आणि मला तोच. इथली आहेस ते ठीक, पण आलीस कुठून?"

माझी पीएच.डी. झाली. मी पुण्यात नोकरीला लागलो. देशात परत.

मग हळूहळू दुसरीकडचं काम येऊ लागलं. लोकांनी पेशींना खुणा करून त्यांचा माग काढला. निघालं असं की (हा शब्द मला अजूनही टाळता येत नाही) धडधाकट प्राण्यात आतड्यातल्या त्या पेशींतल्या बहुतेक लहानपणी थायमसमधून जाऊन आलेल्या असतात. पाठशाळेत शिकून मग दारात येऊन बसतात. थायमस नसलेल्या प्राण्यात मात्र काही थोड्या आतड्यातच घडतात. म्हणजे बाईंचं म्हणणं सबंध खोटं नव्हतं. पण त्यांचा तो फोटो, तपकिरी ठिपक्यांनी गच्च भरलेला, कुठेच बसेना. थायमसशिवाय इतक्या पेशी कुणाला दिसतच नव्हत्या. कुणी म्हणालं, तुकडा राहिला असेल. बाई म्हणाल्या, माझ्या उंदरांत थायमस नव्हता.

दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, दर वर्षी त्या तेच उत्तर द्यायच्या. परिषदांत, समित्यांत, पत्रांत. लोक म्हणायला लागले, आठल्ये मॅडम हट्टी आहेत. मग म्हणायला लागले, पुरावा मानत नाहीत. ज्या बाई पालकाच्या जुडीचा पुरावा मागायच्या, त्यांच्याबद्दल हे. त्यांना नवं अनुदान मिळेना, विद्यार्थी येईनात. निवृत्तीआधीची काही वर्षं त्यांनी पहिल्या वर्षाच्या पोरांना बेडूक शिकवण्यात काढली. मला हे सगळं पुण्यात कळत होतं. दिवाळीला मी फोन करायचो. त्या विचारायच्या, "मराठी बोलतोस ना पोरांशी? का तुझ्या घरीही हिंदी टीव्हीच?"

काही वर्षांपूर्वी थंडीत मी बनारसला कामासाठी गेलो आणि एका सकाळी दूधविनायकला त्यांच्याकडे पोचलो. अप्पा वारले होते. बाई एकट्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, चूडा-मटर, म्हणजे तिथले मटारपोहे, करायला चटईवर मटार सोलत बसल्या होत्या. मीही समोर बसून सोलायला घेतलं.

"बरा आलास. दुपारी पोरं येतात माझ्याकडे, एम.एस्सी.ची. शेजारच्या भटांची नात घेऊन येते त्यांना. आज त्यांना ती जुनी काच दाखवणार आहे. लोक मला खोटी म्हणोत. पण एका गोष्टीवर मी गंगेत उभी राहून सांगेन, छात्या साफ होत्या."

मी म्हणालो, "नव्हत्या."

त्यांचे हात थांबले नाहीत. मी सगळं सांगितलं. फोन, दार, कणी, निघाला. सांगायला वाटलं होतं त्याच्या मानाने फारच थोडा वेळ लागला.

"किती?"

"दोन."

"कुठले?"

"फोटोतला. आणि त्याच्या शेजारचा."

त्यांनी एक शेंग उघडली, त्यात किडका दाणा होता, तो काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "हिंदीत बोलला असतास तर झालं नसतं. निकला वेगळं, निकल गया वेगळं. मीच तुला मराठी बोलायला लावायची." आणि हसल्या. त्या हसण्यात मला क्षमा शोधायची होती. तसं काही त्यात नव्हतं. एक कोडं सुटल्यावर माणूस हसतो तसं होतं.

"बाई, मी..." माझ्या तोंडून बाईच गेलं.

"इतके साल मी लोकांशी भांडले रे," त्या म्हणाल्या. "ते बरोबर होते." आणि सालं गोळा करून आत गेल्या.

दुपारी पोरं आली. बाईंनी चूडा-मटर वाढला, मग भिंतीला टेकून बसल्या आणि हिंदीत सांगायला लागल्या. प्रयोग सांगितला, फोटो दाखवला. "ये फोटो गलत है। इस चूहे में थायमस का टुकड़ा रह गया था। छाती मुझे खुद देखनी चाहिए थी, मैंने नहीं देखी। गलती मेरी।"

एका मुलाने विचारलं, "तो मैडम, आपको पता कब चला?"

"आज सुबह।"

पोरं हसली. त्यांना वाटलं बाई गंमत करताहेत.

मग त्या माझ्याकडे वळल्या. मराठीत, साध्या आवाजात विचारलं, "दिलीपराव, काही राहिलं का सांगायचं?"

मला 'राव' लावून त्या चिडल्यावरच हाक मारायच्या. पण त्या चिडलेल्या दिसत नव्हत्या. वाट बघत होत्या. पोरंही माझ्याकडे बघत होती. त्यातल्या दोघांनी मी याच विषयावर लिहिलेलं पुस्तक वाचलेलं होतं, आल्याआल्या तसं सांगितलंही होतं. एक वाक्य पुरे होतं, हिंदीत तर त्याचे दोन अर्थही झाले नसते.

मी म्हणालो, "नाही."

बाईंनी मान हलवली, जशी एखाद्या काचेवर अपेक्षेप्रमाणेच दिसलं की हलवायच्या. "मग तू नीघ. तुझी गाडी चुकेल. मंगला गौरीच्या देवळावरून जाऊ नको, गर्दी आहे आज." त्या दारापर्यंत आल्या नाहीत. एरवी गल्लीच्या वळणापर्यंत यायच्या.

मी चपला घालून जिना उतरलो आणि खाली थांबलो. का थांबलो ते नीट सांगता येणार नाही. परत वर जाऊन सांगावं असं मनात होतं, असं मी म्हणू शकतो. त्याला पुरावा नाही.

अंगणातून उघड्या खिडकीतली वरची खोली दिसत होती, बोलणंही ऐकू येत होतं. पोरं खोलीतच इकडेतिकडे पांगली होती. बाई खिडकीशी उभ्या होत्या, हातात काचांची लाकडी पेटी. दोन काचा काढून त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर वेगळ्या ठेवल्या. मग उरलेल्यांतली एकेक भटांच्या नातीला देत होत्या. ती टेबलावरच्या जुन्या सूक्ष्मदर्शकावर वाकलेली.

"कुछ दिखा?"

"नहीं आजी।"

"नीट बघ. जल्दी काय आहे? फटींमध्ये बघ."

दुसरी काच. मग तिसरी. मुलगी बराच वेळ वाकून राहिली.

"आजी, है। बहुत कम हैं। तीन... नहीं, चार। लेकिन हैं।"

बाईंनी तिला हलकेच बाजूला सारलं, चष्मा कपाळावर चढवला आणि स्वतः डोळा लावला. मला त्यांची पाठ दिसत होती आणि मागे गुंडाळलेला पांढरा अंबाडा. त्या खूप वेळ तशाच होत्या. मग डोळा न काढता त्यांनी एक हात मागे करून मुलीचं मनगट धरलं.

"आहेत," त्या म्हणाल्या. "इथल्याच आहेत."

मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. मला त्यांनी पाहिलं नव्हतं.